चूळ भरताना रक्त येते, मुलगा हिरड्यांना हात लावू देत नाही

प्रश्न (एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर):
माझा मुलगा 11 वर्षांचा असून त्याला डाउन सिंड्रोम आहे. एकही दात किडलेला नाही म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण महिनाभरापासून तो चूळ भरतो तेव्हा बेसिनमध्ये गुलाबी पाणी पडते आणि खालच्या पुढच्या दातांपाशी हिरडी सुजून लालबुंद दिसते. रक्ताच्या भीतीने मी ब्रश बंद करून नुसत्या बोटाने दात पुसते. सासूबाई मशेरी लावायला सांगतात. दवाखान्यातील खुर्चीवर तो बसत नाही, त्यामुळे एका डॉक्टरांनी न तपासताच परत पाठवले. मी काय करावे?

उत्तर (बालदंतचिकित्सक):
ताई, ब्रश बंद करू नका. हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे ती सुजते आणि म्हणून रक्त येते. तो थर तसाच राहिला तर त्याचे किटण होते, जे घरी निघत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे दात पुष्कळदा कमी किडतात, पण जंतूंशी लढण्याची शक्ती कमी पडत असल्याने हिरड्यांचा आजार लवकर सुरू होऊन झपाट्याने वाढतो. मुलाला आधी स्वतः ब्रश करू द्यावा. मग त्याला स्टुलावर बसवून आपण मागे उभे राहावे, त्याचे डोके आपल्या अंगाशी टेकवून घ्यावे आणि एका बोटाने ओठ बाजूला धरून मऊ ब्रश दात व हिरडी जिथे मिळतात तिथे तिरका ठेवून हलकेच फिरवावा. सुरुवातीला वीस सेकंद जमले तरी पुरे, मात्र वेळ आणि जागा रोज तीच ठेवावी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती मुळीच लावू नये. त्याला जन्मजात हृदयदोष असल्यास किटण काढण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण काही मुलांना आधी प्रतिजैविक द्यावे लागते.

उत्तर (विशेष शिक्षिका):
पहिल्या भेटीत तपासणीचा आग्रह न धरता त्याला फक्त खुर्चीवर बसू द्या आणि तोंडात घालायचा आरसा हातात द्या. त्याला झटक्यांचे औषध चालू आहे का? आमच्या वर्गातील एका मुलीच्या हिरड्या फेनिटॉइन या झटक्यांवरच्या औषधामुळे वाढून दातांवर आल्या होत्या. अशा वेळी औषध मनाने बंद करायचे नसते. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवायचे असते.

प्रश्नकर्ती:
झटक्यांचे औषध नाही. हृदयाला छिद्र मात्र होते, त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. दातांच्या डॉक्टरांना मी हे आजवर सांगितलेच नव्हते. ती फाईल काढून ठेवली आहे. काल रात्री स्टुलावर बसवून वरचे दात झाले, खाली ब्रश नेताच त्याने माझा हात धरला. आज पुन्हा बसवणार आहे.