मदत हवी आहे : चौदा तासांच्या विमानप्रवासासाठी प्रोग्रेसिव्ह रॉक सुचवा

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात एअरबस ए३५० ने चौदा तासांचा प्रवास आहे. हे विमान मला मनापासून आवडतं. केबिनमधला हवेचा दाब साधारण ६,००० फूट उंचीवर असतो तितका असतो, जुन्या विमानांत तो ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका कमी व्हायचा. शिवाय आवाजही कमी. म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचे (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचे) अल्बम सलग, नीट ऐकता येतील.

माझं दैवत म्हणजे यस हा इंग्लिश बँड. १९७२ च्या 'क्लोज टू द एज' या अल्बमची पहिली बाजू म्हणजे अठरा मिनिटांहून लांब एकच रचना! मधला शांत भाग संपून कीबोर्डवादक रिक वेकमनचा ऑर्गन घुमतो, तिथे आजही अंगावर काटा येतो. किंग क्रिमसन, जेनेसिस, कॅमल हे बँडही पाठ आहेत. इटलीच्या बँडपैकी फक्त पीएफएम ऐकलाय. त्या बाजूचं आणखी काय ऐकू? गाणं कमी, वादन जास्त असेल तर उत्तम.

एक अट आहे. एका आवडत्या गायकाने भर कार्यक्रमात प्रेक्षकाला शिवीगाळ केली, तेव्हापासून त्याचा आवाज मला सहन होत नाही. कला वेगळी, माणूस वेगळा हे मला पटत नाही. प्रसिद्धी म्हणजे उर्मटपणाचा परवाना नव्हे. तेव्हा माणूस म्हणूनही बरे असलेले कलाकार सुचवाल का?