वृद्धाश्रमाचं इन्स्पेक्शन झालंय म्हणतात, म्हणजे नेमकं काय बघतात?

आईचीलेक: नमस्कार मंडळी, चार महिन्यांपूर्वी आईला पुण्यात एका छोट्या वृद्धाश्रमात ठेवलंय. साधा दुमजली बंगलाच आहे, चौदा आजी-आजोबा, माणसं प्रेमळ, त्याबद्दल काही म्हणणं नाही. परवा गेले तर मॅडम म्हणाल्या काळजी नको, सेफ्टी इन्स्पेक्शन झालंय, आणि भिंतीवरचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दाखवलं, त्यावर तारीख बघते तर दीड वर्षापूर्वीची. हे किती दिवसांनी असतं? आई वरच्या मजल्यावर आहे, वॉकरशिवाय चालत नाही, आणि जास्त विचारलं की "ताई आमच्यावर विश्वास नाही का" ऐकावं लागतं.

लालसिलिंडर: ताई, मी आग विझवायच्या सिलिंडरच्या रिफिलिंगच्याच धंद्यात आहे. महाराष्ट्राचा आगीबद्दलचा कायदा २००६ चा, त्यात लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी घेऊन तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फायर ब्रिगेडला द्यायचा असतो. टांगून ठेवायची वस्तू नाही ती. आणि "आमचा तर राहता बंगला" म्हणाले तर ऐकू नका, नॅशनल बिल्डिंग कोडात वृद्धाश्रम इन्स्टिट्यूशनल गटात धरलाय. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात हवा, पिन आणि सील जागेवर. सीओटूवाल्याला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसच्या सिलिंडरला, काटा नसतोच, तो वजन करून कळतो, तिथे टॅगवरची तारीख बघायची. अर्थात सिलिंडर आधी सापडला पाहिजे, मला बऱ्याचदा चपलांच्या रॅकमागेच सापडतो 😄 पण फॉर्म बी म्हणजे बसवलेलं चालतंय एवढंच, आई जिना कशी उतरणार ते त्यात येत नाही.

रात्रपाळी: दादा बरोबर बोलले. मी अशा ठिकाणी सहा वर्षं नाईट केलीय. इन्स्पेक्शन सकाळी अकराला, तेव्हा सगळा स्टाफ हजर, जिना पुसलेला. रात्री एक मावशी, बाहेरच्या ग्रिलला कुलूप कारण एक आजी विसरभोळ्या, त्या उठून चालायला लागतात, किल्ली मावशीच्या उशाखाली, आणि मागच्या दाराला जुन्या गाद्या लावलेल्या. खिडक्यांना पिंजऱ्याचं ग्रिल, तिथूनही वाट नाही. आम्ही एकदा मुद्दाम करून बघितलं, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना चादरीसकट ओढत जिन्यावरून खाली आणायला तिघी लागलो, आणि तेही दिवसा, लाईट असताना. दिल्लीत १ जानेवारी २०२३ ला ग्रेटर कैलासमधल्या वृद्धाश्रमात आग लागली ती पहाटेच, दोन आजी गेल्या. म्हणून ताई, तुम्ही रात्री साडेनऊला जा आणि किल्ली कुठे आहे एवढंच विचारा.

अंगणवाल्याकाकू: मी स्वतः अकरा जणांचं घर चालवते म्हणून दुसरी बाजू. रात्रीची दुसरी बाई ठेवायची तर पैसे लागतात, आणि फी पाचशेने वाढवली की हेच नातेवाईक भांडायला येतात. वर एका मुलाने आईच्या वाढदिवसाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालू असताना शेजारी निरांजन लावलं, मी फुंकून विझवलं तर अपशकुन म्हणून रागावला!! पण रात्रपाळीताईंचं खरं आहे, चालता न येणारे खालीच हवेत. बाथरूमची कडी बाहेरून उघडणारी आहे का तेही बघा. आणि गिझर. पाणी ६० डिग्रीला असलं तर म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदात भाजतं, आमच्याकडे थर्मोस्टॅट कमी करून वर चिकटपट्टी मारलीय. आमच्याकडे येऊन कुणी हे बघत नाही.

आईचीलेक: काल रात्री जाऊन आले. किल्ली मावशींच्या कमरेला होती, बरं वाटलं, पण मागचं दार उघडेना, पावसात फुगलंय, रंधा मारायला सुतार बोलावतो म्हणाल्या. फॉर्म बीचं विचारल्यावर मॅडम जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या एजन्सीला फोन करते, जुलैचा राहिलाय. आईला खालची खोली द्यायला लगेच तयार झाल्या. अडलंय आईचंच, वरच्या गॅलरीतून तिला गुलमोहर दिसतो, ती म्हणते मी काही खाली येणार नाही.

अंगणवाल्याकाकू: खालच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे गं?