काप्रालोवा फक्त 'मार्टिनूची शिष्या' नव्हे
चेक संगीतकार वीतेस्लावा काप्रालोवा हिचा उल्लेख 'मार्टिनूची शिष्या' (म्हणजे चेक संगीतकार बोहुस्लाव मार्टिनूची) एवढाच होतो तेव्हा अपुरा वाटतो, म्हणून थोडी भर. मार्टिनूकडे पॅरिसला जाण्याआधीच तिने ब्रनोत आणि मग प्रागला संगीतकार नोवाक आणि संचालक तालिख यांच्याकडे रचना आणि वाद्यवृंद-संचालन शिकून घेतलं होतं. स्वतःची 'मिलिटरी सिंफोनिएटा' ही वाद्यवृंदासाठीची रचना तिने १९३७ मध्ये चेक फिलहार्मोनिककडून आणि १९३८ मध्ये लंडनला बीबीसीच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतली, स्वतः संचालन करून! वय तेवीस. दोनच वर्षांनी, जून १९४० मध्ये, फ्रान्समध्ये माँपेलिए इथे तिचं निधन झालं. फार चुटपुट लागते. तिच्या संगीताची ओळख करून घ्यायची तर पियानोवादक फिरकुश्नीसाठी लिहिलेली पियानोवरची 'एप्रिल प्रिल्यूड्स' आधी ऐका. माझ्या मते तिचं सगळ्यात मोकळं लेखन तिथेच आहे.