डबीतला खडा – मुतखड्याचे अनुभव सांगा

हळदीचं_पोतं:
गणपतीआधी माळा साफ करायची मोहीम चालू आहे. लेकीने वरून एक काळी डबी खाली टाकली, जुन्या फिल्म रोलची. "बाबा, यात हिंग आहे का?" उघडून बघतो तर माझा खडा! नशीब मी घरी होतो, नाहीतर आमटीत गेला असता.

१९९८चा मे महिना. स्वारगेटहून सांगलीची लाल गाडी. शिरवळ सुटलं आणि उजव्या कुशीत कोणीतरी पाना लावून आवळतंय असं वाटायला लागलं. आधी म्हटलं स्टँडवरचा वडा बाधला. खंबाटकी लागेपर्यंत मी सीटवर नव्हतोच, मधल्या वाटेत उकिडवा. उठलो, बसलो, वरच्या दांड्याला लोंबकळलो, कशानेच बरं वाटेना. कंडक्टर म्हणाला गाडी लागली वाटतं, आणि पिशवी दिली. ड्रायव्हरने आरशात एकदाच बघितलं. "गाडी नाय लागलेली. मुतखडा हाय. मला दोनदा झालाय, माणूस असाच नाचतो." घाट उतरून सुरूर फाट्याला गाडी थांबवली, मला वाईच्या जीपमध्ये कोंबलं आणि जीपवाल्याला दम दिला, याच्याकडून पैसे घ्यायचे नाहीत.

वाईच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोकलं. अर्ध्या तासात माणसात आलो. इतका की समोरच्या टपरीवर भजी खाल्ली.

खडा पडला तीन आठवड्यांनी, घरी, टमरेलात. टण्ण. तांदळाच्या कणीएवढा. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी एवढं?" डबी तिनेच दिली.

ड्रायव्हरचं नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. येऊ द्या तुमचेही.

चिंचपेटी:
"माणूस असाच नाचतो" हे अगदी अगदी!! मी पहाटे तीनला हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते, खालच्या काकू सकाळी विचारतात काय गं, रात्री फर्निचर हलवत होतात का.
माझी दोन बाळंतपणं झालीत, दोन्ही नॉर्मल. त्यामुळे अधिकारवाणीने सांगते, खडा जास्त दुखतो. बाळंतपणात कळ येते आणि जाते, मध्ये श्वास घेता येतो. आणि शेवटी हातात बाळ मिळतं. इथे काय मिळालं तर ५ मिमी.
नवरा ओव्याची डबी घेऊन उभा. गॅस असेल म्हणे.

साधामाणूस:
नवऱ्यांवर अन्याय नको. मला झाला तेव्हा बायको पण ओवाच घेऊन उभी होती.

सोलापुरी_चादर:
मित्राने सांगितलं बिअर पी, धाडकन पडतो. तीन दिवस श्रद्धेने उपचार घेतला. खडा जागेवर. बायको माहेरी.

गोळी_औषध:
मी डॉक्टर आहे पण युरॉलॉजिस्ट नाही, तेवढ्या बेताने वाचा.
ड्रायव्हरसाहेबांचं निदान चोख होतं. अपेंडिक्सचा पेशंट हलायला तयार नसतो, मुतखड्याचा एका जागी थांबत नाही. आम्हाला हेच शिकवतात.
दुखतं ते खडा टोचतो म्हणून, असं सगळ्यांना वाटतं. मुख्य कारण ते नाही. मूत्रवाहिनी जेमतेम ३-४ मिमी रुंद. खडा अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड फुगतं, नळी पिळवटून खडा ढकलू बघते. म्हणून कमरेतून निघालेली कळ जांघेपर्यंत उतरते. किडनीत आरामात बसलेला मोठा खडा कित्येकदा दुखतही नाही, आणि उतरायला निघालेला कणभर खडा जमिनीवर लोळवतो.
चादर, बिअरने लघवी जास्त होते हे खरं, पण वाट बंद असताना मागून आणखी पाणी लोटलं तर कळ वाढणारच. नंतर शरीर सुकतं ते वेगळंच, आणि युरिक ॲसिडवाल्यांना तर ती नकोच.

सोलापुरी_चादर:
तिसऱ्या दिवशी कळ वाढली होती खरी. मला वाटलं औषध लागू पडतंय.

तुळशीबाग:
माझा ८ मिमी आहे, डावीकडे, सोनोग्राफीत आलाय. कळ एकदाच आली. सगळे म्हणतात कुळथाचं कढण पी, विरघळेल. ठाण्यात चांगले युरॉलॉजिस्ट कुणी सुचवेल का?

पानाडी:
आमच्याकडे हुलगे म्हणतात. आजी कढण द्यायची सैंधव घालून. खडा पडला का माहीत नाही पण कढण लय भारी. त्याच पिठाचे शेंगोळे आठवले आता. लसूण, हिरवी मिरची, जिरं वाटून पिठात मळायचं, हातावर वळून गोल करायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. पावसात दुसरं काही नको.

दोडामार्गकर:
हुलगे काय हुलगे! कुळीथ म्हणा. पिठी, ऊन भात, तूप आणि भाजलेला सुका बांगडा. मुतखडा झाला तरी चालेल.

चिंचपेटी:
बांगडा पुढच्या बाजूला. इथे पेशंट बसलेत.

गोळी_औषध:
@तुळशीबाग, कढण खुशाल प्या, पाणी पोटात जातं. पण नेहमीचा कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा त्याने विरघळत नाही, गोळ्यांनीही नाही. विरघळतो तो युरिक ॲसिडचा, लघवी अल्कली केली की. (हाच साध्या एक्सरेत दिसत नाही आणि लोक गेला गेला म्हणून पेढे वाटतात.) ५ मिमीच्या आतले बहुतेक आपोआप पडतात, ८चा पडेलच असं नाही. कुठे अडकलाय ते सीटी स्कॅनमध्ये नीट कळेल. आणि एक लक्षात ठेवा, थंडी वाजून ताप आला तर रात्र काढायची नाही. त्याच क्षणी निघायचं.

रानवेल:
तापाचं खरं आहे. माझ्या आईचं असंच झालं. साखर होती तिला. पावसाळ्याचे दिवस, ताप, थंडी, उलट्या. आम्ही डेंग्यू डेंग्यू करत प्लेटलेट मोजत बसलो दोन दिवस. कंबर दुखतेय म्हणाली तर म्हटलं तापात दुखतेच. तिसऱ्या दिवशी बडबडायला लागली, बीपी खाली. नळीत खडा आणि वर पू झालेला. त्या रात्री खडा काढलाच नाही, नुसता स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून पू वाहता केला. खडा सहा आठवड्यांनी. वाचली. पण अजून कुणी कंबर दुखते म्हटलं की मी आधी थर्मामीटर काढते.

हळदीचं_पोतं:
बापरे. आईंना नमस्कार सांगा.

तिसरा_मजला:
स्टेंटचा विषय निघालाच आहे तर ऐका.

मला ७ मिमी, मूत्राशयाच्या तोंडाशी येऊन बसलेला. दुर्बिणीने लेझर मारून फोडला. काहीच कळलं नाही, कमरेखाली भूल होती, मी पडद्यावर बघत होतो. खड्याचा भुगा होताना बघायला मजा येते खरं तर. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले "सगळं क्लीन, डीजे टाकलाय." मी म्हटलं डीजे? गणपती तर गेले. डीजे म्हणजे नळी, दोन्ही टोकांना जेच्या आकाराचं वळण, एक टोक किडनीत, दुसरं मूत्राशयात. मूत्रवाहिनी सुजून बंद होऊ नये म्हणून.

हा डीजे तीन आठवडे वाजला. कुणीच आधी सांगितलं नाही. दर अर्ध्या तासाला जायचं, आणि लघवी संपत आली की त्याच बाजूच्या कमरेत सणक्कन कळ. जिना चढलो की लाल लघवी. ऑफिसात मीटिंगमधून चार वेळा उठलो तर साहेब म्हणतात सगळं ठीक ना, घरी काही? खड्याने मला एक रात्र रडवलं, या नळीने एकवीस दिवस. काढायला पाच मिनिटं. जेली घालून दुर्बीण, "दीर्घ श्वास घ्या" म्हणाले आणि श्वास घ्यायच्या आत ती बाहेर. आतापर्यंत तोंडातून निघालेला सर्वात खरा "आई गं" तो.

आता खरी गोष्ट. आमच्या मामांनी त्यांची नळी काढलीच नाही. तारीख कागदावर होती, कागद फायलीत, फाईल कपाटात. दुखायचं थांबलं म्हणून विसरले. हॉस्पिटलातून एक फोन नाही. दोन वर्षांनी परत कळा, तर नळीवरच खडे चढलेले, दोन ऑपरेशनं लागली. ज्यांच्या ज्यांच्या पोटात नळी आहे त्यांनी आत्ता फोनमध्ये गजर लावा. धागा नंतर वाचा.

साधामाणूस:
डीजे वाजला, हाहा. पण मामांचं वाईट झालं.

पावशेर:
माझे पित्ताशयाचे खडे काढले मागच्या वर्षी, दुर्बिणीने, चार भोकं. त्यालाही कुळीथ चालतात का?

गोळी_औषध:
पित्ताशयच काढलंय ना? मग आता काहीही चालतं. तो आजार वेगळा, खडे वेगळे.

खाकी_ताई:
बरेच दिवस वाचते, लिहीत नाही. मी पोलिसात आहे. दोन्ही बाजूला खडे, उजवीकडचा एकदा पडला.
डॉक्टर म्हणाले दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे एवढं पाणी प्या. मी म्हटलं साहेब, पाणी पिते, जागा दाखवा. आषाढीचा बंदोबस्त असतो, बारा बारा तास उभं. जवळ काही असलं तर त्याची अवस्था अशी की आत पाय ठेववत नाही. मग आम्ही बायका काय करतो, पाणीच पीत नाही. सकाळी निघताना चहासुद्धा नको म्हणतो. पहिली कळ आली तेव्हा पॉइंट सोडता येईना, बॅरिकेडला टेकून दीड तास काढला. एका वारकरी आजींनी बघितलं, काही न विचारता लुगड्याच्या पदराने तोंड पुसलं आणि चार बायका गोळा करून आडोसा केला. माऊली म्हणतात ते उगाच नाही.

चिंचपेटी:
ताई __/\__
आमच्या शाळेत शिक्षिकांसाठी एकच, तेही मुलींचं तेच. मी पण मधल्या सुट्टीपर्यंत घोटभर. माझा खडा कुठून आला ते आता कळलं.

पानाडी:
ऊसतोडीच्या बाया बघा, फडात दिवसभर ऊन आणि आडोसा नाही. तेच.

मस्कतचा_मुक्काम:
पाण्याचं म्हणाल तर इथे साइटवर ४५ डिग्री, दिवसभर घामच घाम, लघवी चहासारखी. आमच्या टीममध्ये सात जण, तिघांना खडे. आता सुपरवायझर सकाळी दोन लिटरची बाटली हातात देतो. रंग पाण्यासारखा दिसला पाहिजे, हाच नियम. पडणारा खडा पकडायला उमेदवारी केली होती गाळणी घेऊन. चहाची जुनी गाळणी बाथरूममध्ये, रूममेटने धुऊन परत किचनमध्ये लावली. पुढचं लिहीत नाही.

सोलापुरी_चादर:
अरे!!!!

साधामाणूस:
चहा पिता पिता वाचत होतो. ठेवला खाली.

रेवदंडा_लोकल:
मी शॉकवेव्हवाला. १ सेंमी, किडनीत होता. पाण्याच्या उशीसारखं काहीतरी कमरेला लावतात आणि टक् टक् टक्, अडीच हजार ठोके. रबरबँड ताणून मारल्यासारखं. नंतर आठ दिवस वाळू पडत होती. हे यंत्र म्हणे जर्मनीत विमानं बनवणाऱ्या डॉर्नियर कंपनीच्या संशोधनातून आलं, म्युनिकला १९८०मध्ये पहिला पेशंट. म्हणजे माझ्या खड्यावर वैमानिकी उपचार झाले.
बिलाचं मात्र बघून ठेवा. मेडिक्लेम नवीन होता, बऱ्याच पॉलिसींत खड्यांना दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो. बारीक अक्षरात. मला अकराव्या महिन्यात झाला.

तुळशीबाग:
सासूबाईंनी यादी दिलीय. टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं बंद, दूध दही बंद, चुन्याचं पान बंद (मी खातच नाही). खडा कॅल्शियमचा म्हणून दूध बंद म्हणे. मग खायचं काय?

गोळी_औषध:
दूधदही सुरू करा! जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरतं आणि बाहेर नेतं. दूध बंद केलं की ऑक्सलेट मोकाट सुटतं. पालक कमी करा हे बरोबर. टोमॅटो बिचारा फुकट बदनाम. खरा कमी करायचा तो मीठ: लोणचं, पापड, फरसाण. लिंबू सरबत बिनसाखरेचं, भरपूर, त्यातलं सायट्रेट कामाचं. आणि खडा मिळाला तर फेकू नका, तपासायला द्या, कसला आहे ते कळलं की पुढचं पथ्य ठरतं. पोतं यांच्यासारखं डबीत कोंडून ठेवू नका.

हळदीचं_पोतं:
आता दिला तर चालेल का? लेकीने डबीवर चिठ्ठी चिकटवली आहे, "हे हिंग नाही".

दोडामार्गकर:
मीठ कमी म्हणजे बांगडा गेला की हो.

रानवेल:
@तुळशीबाग ठाण्यातल्या डॉक्टरांचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय, बघ.

पानाडी:
शेंगोळ्यात ओवा घालतात की जिरं यावर घरी भांडण लागलंय. नगरकडच्यांनी सांगावं.

तुळशीबाग:
व्यनि मिळाला, थँक्यू गं. काल रात्री परत कळ आली, मीही नाचले. सीटी झाली, खडा खाली सरकून अडकलाय. ॲडमिट आहे, उद्या सकाळी आठला दुर्बीण. नळीच्या तारखेचा गजर नवऱ्याच्या फोनमध्येही लावायला सांगितलाय. शेंगोळ्यांचं कुणीतरी नीट मापासकट लिहा, पडल्या पडल्या वाचेन.