वरिष्ठांच्या अहवालातील चूक नवख्याने कशी सांगावी?

प्रश्न : मी नुकताच नोकरीत रुजू झालो आहे. माझ्या वरिष्ठांनी तयार केलेल्या अहवालातील एका तक्त्याची बेरीज मला जुळत नाही आणि तो अहवाल उद्याच्या बैठकीत मांडला जाणार आहे. मी हे सांगणे आगाऊपणाचे ठरेल का?

प्रतिसाद १ : मुळीच नाही; सांगावे, आणि आजच सांगावे. मात्र त्याआधी आकडे मूळ नोंदींशी पुन्हा ताडून पाहा, कारण टक्केवारी पूर्णांकात लिहिली असेल तर बेरीज कधी ९९ तर कधी १०१ येते आणि ती चूक नसते. खात्री झाल्यावर त्यांना एकट्यांना भेटून, 'या रकान्याची बेरीज मला जुळत नाही, आपण एकदा पाहाल का?' एवढेच विचारा. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे, कारण तुम्हाला ठाऊक नसलेले एखादे स्पष्टीकरण त्यांच्याकडे खरोखरच असू शकते.

प्रतिसाद २ : भेट शक्य नसेल तर ईमेल करा, पण त्याची प्रत इतर कोणालाही पाठवू नका. चारचौघांत दाखवलेली चूक माणसाला दुखावते आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो.

प्रतिसाद ३ : दोन्ही सल्ले योग्य आहेत. मी एवढीच भर घालेन की सामायिक फाइलमध्ये परस्पर दुरुस्ती करू नये, हेतू कितीही चांगला असला तरी. अहवालाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना न कळवता बदललेला आकडा बैठकीत त्यांनाच अडचणीत आणू शकतो.