मे महिन्याचं ऊन अन् चार दिवसांचं लेकरू: वरचं पाणी द्यावं का?

वणीकडचा बाप
पहिलं बाळंतपण, म्हणून बायको माहेरी आहे. मुलगी चार दिवसांची. घरावर टिनं, पारा ४५च्या वर, लाइन गेली की कूलर बंद. आजेसासूबाईंनी पहिल्या दिवशी चीक पिळून टाकायला लावला, आता साखरपाणी अन् मधाची वाटी तयार ठेवलीय. "आपल्या घशाला कोरड पडते, तर एवढ्याशा जिवाचं काय?" असं म्हणतात. माझं मत ठाम आहे: सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको. पण घरात मी एकटा पडलोय, अन् बायको दोन्हीकडचं ऐकून रडते.

पाच नातवंडांची आजी, हिंगणघाट
बापू, म्या चार लेकरं मध चाटवूनच वाढवले. तीन दिवस दूध उतरत नाही, तवरोक लेकरानं काय करावं? रडून रडून निळं पडते. चीक जड असते, पचत नाही, असं माह्या सासूनं सांगितलं, तिले तिच्या सासूनं. सारंच खोटं काहून म्हणता? त्या बुढीचा जीव लेकरासाठीच तुटून राह्यला.

आशा कार्यकर्ती, कोरपना
आजी, तुमच्या मायेबद्दल प्रश्नच नाही. पण चीक हेच पहिलं दूध. ते थोडंच येतं, कारण पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, म्हणून उन्हाळ्यात बाळाला पाणी नाही, जास्त वेळा छातीशी घ्यायचं. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा. वरच्या पाण्यानं पोट भरलं की बाळ कमी ओढतं, अन् कमी ओढलं की दूधही कमी तयार होतं. मध तर वर्षाच्या आत नकोच. त्यातल्या जंतूंमुळे क्वचित बाळाचं अंग लुळं पडतं, श्वासही अडकतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली अन् नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ते 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. आम्ही दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ अन् ४२व्या दिवशी घरी येतो, त्याची वाट तिथूनच निघाली.

उमरेडची आई
मी मधाच्या बाजूची नाही. पण 'थेंबही नको' हे वाक्य माझ्या लेकाच्या जिवावर आलं होतं. सिझर झालं, दूध येईना, अन् जो तो म्हणे पाजत राहा. तो छातीला लागला की झोपायचा. मला वाटे, पोट भरलं. चौथ्या दिवशी अंग पिवळं, ताप, सकाळपासून लंगोट कोरडा. वजन बारा टक्के उतरलं होतं. नागपुरात सलाइन लागलं. मग डॉक्टरांनी माझं पिळलेलं दूध अन् मोजून वरचं दूध वाटी-चमच्यानं द्यायला लावलं. तीन आठवड्यांनी तो पुन्हा पूर्ण अंगावरच्या दुधावर आला. नियम सांगा, पण लंगोट मोजायलाही शिकवा ना! मला कोणीच शिकवलं नव्हतं.

आशा कार्यकर्ती, कोरपना
ताई, हे खरं आहे, अन् आमच्याकडूनही राहून जातं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी हवी. वजन पहिले काही दिवस उतरतंच, पण दहा टक्क्यांवर गेलं किंवा बाळ सुस्त पडलं, तर दवाखाना. घरी साखरपाणी पाजून वाट पाहू नये.

आर्वीचा मामा
बाळाला पाणी पाजायची घाई, अन् बाळंतिणीचं पाणी तोडता? माझ्या बहिणीला बंद खोलीत बाजेखाली शेगडी, अन् दिवसभरात दोन पेले कोमट पाणी. भर उन्हाळ्यात! दूध येणार कुठून?

पाच नातवंडांची आजी, हिंगणघाट
शेक नाही दिला तर कंबर जल्मभर दुखते, ते मी नाही सोडत. पाण्याचं म्हणता तर तोडू नये, आम्हीही लय तहानलो होतो तवा. पण पाहा, चीक टाकला ते त्या बुढीले चारचौघांत बोलून दाखवू नका.

वणीकडचा बाप
नाही बोलणार. दुपारपासून लंगोट मोजतोय, आत्तापर्यंत तीन ओले. आशाताई सकाळी वजनकाटा घेऊन येणार आहेत. बायकोच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवलाय, अन् तो भरलेला आहे का हे बघायचं काम आजेसासूबाईंनी स्वतःहून घेतलंय. मधाची वाटी अजून कोनाड्यातच आहे.