शब्दचर्चा : ‘नॅक’ म्हणजे नकार का?

रावपुरेकर
बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही वजनकाट्यांचे डिजिटल इंडिकेटर बनवतो. आत लिनक्स आहे. यूएसबीने पीसीला जोडला की इंडिकेटर गॅजेट, म्हणजे जोडलेलं उपकरण, म्हणून दिसतो, आणि त्या गॅजेटच्या बाजूचा ड्रायव्हर माझ्या गळ्यात आहे. सर्व्हिसची पोरं निम्मी मराठी, निम्मी गुजराती. त्यांच्यासाठी मी दोन पानी टिपण केलं. पीसी उपकरणाला आज्ञा देतो त्या कंट्रोल ट्रान्स्फरला ‘नियंत्रण हस्तांतरण’, आणि उपकरण पीसीला देतं त्या उत्तरांपैकी नॅकला ‘नकार’, स्टॉलला ‘थांबा’ असं लिहून मोकळा झालो.

गेल्या आठवड्यात एका पोराने गिऱ्हाइकाकडे ‘कॅलिब्रेशन पुसा’ ही आज्ञा दिली. एरर ११० आली. माझ्या टिपणात ११० समोर लिहिलंय : ‘सारखा नॅक, म्हणजे नकार’. त्याने कागदावर ‘उपकरणाने नकार दिला’ असा शेरा मारला आणि बोर्ड बदलून टाकला. काढून आणलेला बोर्ड टेबलावर लावला, तर ठणठणीत! पोराला काय बोलणार, शब्द माझेच. बरे शब्द सुचवा.

बारनिशी
हस्तांतरण म्हटलं की मला सातबारा आठवतो. ‘नियंत्रण हस्तांतरण’ वाचून वाटलं तुमचा कारखाना कोणी विकत घेतला. इथे नियंत्रण कोणाच्याच हातात जात नाही ना? मग तो शब्द काढाच. बाकी काय चालतं ते आधी साध्या मराठीत सांगा, मग शब्द देतो. आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढवला, एकेका इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली प्रतिशब्द. पण तिथे कचेरीचं काम सगळ्यांना माहीत होतं. तुमचं यूएसबी मला माहीत नाही.

शून्यटोक
काका, मी सांगते. होस्ट, म्हणजे पीसी, एंडपॉइंट शून्यावर, म्हणजे उपकरणाच्या आज्ञा घ्यायच्या टोकावर, आठ बाइटचं पाकीट पाठवतो. हा सेटअप. काय हवंय, कोणासाठी, किती बाइट, सगळं त्या आठात बसवलेलं. त्यानंतर हवा असेल तर डेटा, एकाच दिशेने. शेवटी स्टेटस : डेटाच्या उलट दिशेने रिकामं, शून्य लांबीचं पाकीट. डेटा नसेल तर ते उपकरणाकडून होस्टकडे जातं. एवढाच खेळ.

रावपुरेकरदादा, तुम्ही नॅक आणि स्टॉल नेमके उलटे लावलेत. दोष इंग्रजीचाही आहे. नॅकच्या पोटात ‘निगेटिव्ह’ आहे म्हणून आपण नकार म्हणतो, आणि स्टॉल म्हणजे गाडी बंद पडणं, म्हणून थांबा. वायरीवर मात्र नॅक म्हणजे ‘आत्ता नाही, परत विचार’. होस्ट विचारत राहतो, त्याचा टाइमआउट संपला की लिनक्सवर ११० दिसतो. स्टॉल म्हणजे ‘ही आज्ञा मला जमणार नाही’. तो आला की होस्ट वाट बघत बसत नाही, तिथल्या तिथे ३२ येतो. म्हणून नॅक : खोळंबा. स्टॉल : नकार.

आता एक सांगा, त्या आज्ञेत तुम्ही सेटअप कॉलबॅकमध्येच, म्हणजे सेटअप आला की ड्रायव्हरचं जे फंक्शन चालतं त्यातच, फ्लॅश मेमरी पुसत नाही ना? तो इंटरप्टमध्ये चालतो, तिथे झोपायची, म्हणजे काम होईपर्यंत वाट बघत थांबायची, सोय नाही.

रावपुरेकर
नाही ताई, ते एकदा करून लिनक्सच्या कर्नलच्या शिव्या खाऊन झाल्यात. आता सेटअपमधून ‘डिलेड स्टेटस’ परत करतो, पुसण्याचं काम वर्कक्यूवर, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, टाकतो, आणि पुसून झालं की शून्य लांबीची रिक्वेस्ट रांगेत लावतो. आज्ञेसोबत डेटा नाही, त्यामुळे हे चालतं. पुसायला दीड-दोन सेकंद लागतात. स्क्रिप्ट पायथनची, टाइमआउट मी दिलेलाच नाही...

शून्यटोक
...म्हणजे लायब्ररीचा मूळचा, १००० मिलिसेकंद. बोर्ड इमानाने फ्लॅश पुसत बसला होता, आणि आपण त्याच्या नावावर नकार लिहिला. बोर्डाला खरंच नकार द्यायचा असता तर तुमच्या सेटअपने ऋण आकडा परत केला असता, आणि कंट्रोलरने तिथेच स्टॉल दिला असता. टाइमआउट पाच हजार मिलिसेकंद द्या आणि विषय संपवा.

बारनिशी
आता कळलं. हा तर खिडकीवरचा अर्ज! आठ बाइटचा अर्ज, सोबत कागद असले तर कागद, आणि शेवटी पोचपावती. पोचपावती कोण देतो? ज्याने घेतलं तो. कागद उपकरणाने दिले तर पोच पीसीची. कागद पीसीने दिले, किंवा नुसता अर्जच दिला, तर पोच उपकरणाची. तुमची उलटी दिशा लक्षात ठेवायची गरजच नाही. स्टेटसला पोच म्हणा. गुजराती पोरांनाही सांगावं लागणार नाही, ते पावतीला पहोंचच म्हणतात. आणि ‘डिलेड स्टेटस’ म्हणजे राखून ठेवलेली पोच.

एक शंका. खिडकीवरचा माणूस अर्ज घ्यायलाच ‘खोळंबा’ म्हणू शकतो का?

शून्यटोक
नाही काका, छान विचारलंत. सेटअपला नॅकही देता येत नाही, स्टॉलही नाही. अर्ज घ्यायचाच. खोळंबा किंवा नकार पुढच्या टप्प्यांत. आणि मधेच नवा अर्ज आला तर जुना रद्द समजून नव्याकडे वळायचं. ड्रायव्हर लिहिणारे हे हमखास विसरतात.

रावपुरेकर
इन आणि आउटला ‘आत-बाहेर’ लिहिलंय. त्यावरून रोज भांडण. पोरं म्हणतात, डेटा काट्यातून बाहेर पडतोय, मग ‘इन’ कसं?

बारनिशी
आवक-जावक. आणि वही पीसीची. तुम्ही पाठवलंत तरी त्याच्या वहीत ती आवकच. पोरांना वही कोणाची ते आधी सांगा.

शून्यटोक
झकास. सेटअपच्या पहिल्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट १ असला की आवक, ० असला की जावक.

एक दुरुस्ती मात्र. स्टॉलला सगळीकडे नकार नको. एंडपॉइंट शून्यावरचा स्टॉल पुढचा सेटअप आला की आपोआप विसरला जातो, तिथे नकार बरोबर. पण वजनाचे आकडे जिथून जातात त्या बल्क एंडपॉइंटवर स्टॉल लागला, की होस्ट ‘क्लिअर फीचर’ ही तो काढायची आज्ञा पाठवेपर्यंत तो तसाच. तिथे अडून बसणं म्हणा. पोरांना कळेल की याला उठवावं लागतं.

रावपुरेकर
घेतलं. होस्टला ‘यजमान’ लिहू का? कोशात तोच आहे.

शून्यटोक
लिहा. मग ‘यजमान उत्तर देत नाहीत’ अशी तक्रार आली की ती माझ्या घरूनही आलेली असू शकते.

बारनिशी
होस्ट राहू द्या. एंडपॉइंटही. सर्किटवाले जो शब्द दिवसभर बोलतात त्याला हात लावू नये.

रावपुरेकर
ठीक. आणि कंट्रोल ट्रान्स्फर? हस्तांतरण काढलं, ती जागा रिकामीच आहे.

बारनिशी
‘शून्यावरचा अर्ज’. नाही आवडला तर कंट्रोल ट्रान्स्फरच लिहा.